प्रिंटरच्या रांगेतला सातबारा

मृग नक्षत्र लागले की परभणी जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी एक दृश्य हमखास दिसते. जिंतूर घ्या, गंगाखेड घ्या, सेलू, पाथरी किंवा पालम घ्या. तहसील कचेरीच्या आसपास झेरॉक्सची आणि ऑनलाइन अर्ज भरून देणारी दुकाने असतात आणि त्यांच्यापुढे पिशव्या सांभाळत माणसे उभी असतात. कोणाला पीककर्जाचे नूतनीकरण करायचे असते, कोणाला पीकविम्याचा अर्ज भरायचा असतो, तर कोणाच्या मुलाचा अकरावीचा प्रवेश असतो. तुमच्यापैकी अनेकांनी वडिलांबरोबर किंवा आजोबांबरोबर या रांगेत तास-दोन तास काढले असतील. नंबर लागला की फोनमधली फाइल दुकानदाराला पाठवायची. तो माउसचे बटण दाबतो. चार-पाच सेकंद काहीच होत नाही. मग यंत्र घरघरते, ऊनऊन कागद बाहेर येतो, आणि पैसे देऊन आपण निघतो.

त्या चार-पाच सेकंदांत काय घडते, याचा तुम्ही कधी विचार केला आहे काय? विद्यार्थी मित्रांनो, दुकानाबाहेर जशी माणसांची रांग असते तशीच आणखी एक रांग संगणकाच्या आत असते. बाहेरच्या रांगेत आजोबा उभे असतात. आतल्या रांगेत आजोबांचा सातबारा, आधारपत्र आणि बँकेचे पासबुक उभे असते. बाहेरची रांग संध्याकाळी दुकान बंद झाले की मोडते. आतली मोडतेच असे नाही. ती कोणी पाहावी, कोणी हलवावी आणि कधी मोडावी, हे प्रिंटरच्या मांडणीत, म्हणजे सेटिंगमध्ये, ठरलेले असते. ते ठरवायला बहुतेक ठिकाणी कोणी बसलेलेच नसते, ही यातली गंमत म्हणा की धोका म्हणा.

अक्षरांचे ठिपके

प्रथम हे पाहू, की रांग मुळात लागते कशाला? त्यासाठी थोडे गणित करावे लागेल. ए-फोर आकाराचा कागद ८.२७ इंच रुंद आणि ११.६९ इंच लांब असतो. लेझर प्रिंटर साधारणपणे एका इंचात ६०० ठिपके देतो. म्हणजे रुंदीत सुमारे ४,९६२ आणि लांबीत सुमारे ७,०१४ ठिपके. गुणाकार करून पाहा. एका पानावर सुमारे ३ कोटी ४८ लाख ठिकाणे येतात. त्यांतील प्रत्येक ठिकाणी शाई द्यायची की नाही, हे प्रिंटरला सांगावे लागते. प्रत्येक ठिकाणाला एक बिट धरली तरी आठ बिटांची एक बाइट, या हिशेबाने एका पानाला साडेत्रेचाळीस लाख बाइट लागतात.

आता सातबाऱ्यावरचा मजकूर पाहा. त्यात समजा दोन हजार अक्षरचिन्हे आहेत. युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह साठवायला तीन बाइट पुरतात. म्हणजे सगळा मजकूर सहा हजार बाइटांचा झाला. सहा हजार कुठे आणि साडेत्रेचाळीस लाख कुठे! मजकूर लहान असतो, पण त्याचे चित्र अवाढव्य असते. म्हणून संगणक सहसा चित्र पाठवीत नाही, चित्र कसे काढायचे याची आज्ञापत्रिका पाठवतो: “या ठिकाणी अमुक आकाराचा क काढ, त्याच्या उजवीकडे काना काढ, खाली रेघ मार.” अशा आज्ञांच्या भाषा आहेत. अॅडोबी कंपनीने १९८४ साली आणलेली पोस्टस्क्रिप्ट ही त्यांतली गाजलेली भाषा. संगणकातील मजकुराचे या आज्ञांत रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीला ड्रायव्हर म्हणतात. प्रिंटर बदलला की ड्रायव्हरही बदलावा लागतो, कारण प्रत्येक यंत्राची बोली थोडी निराळी असते.

इथे आपल्या भाषेची एक जुनी डोकेदुखी आठवते. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी टंकांच्या निरनिराळ्या कंपन्यांनी एकेका अक्षराला आपापल्या मर्जीप्रमाणे क्रमांक दिले होते. एका संगणकावर शुद्ध दिसणारा अर्ज दुसऱ्यावर छापला की कागदावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी येई. आजही जुन्या फाइली छापताना हा प्रसंग येतो. टंक फाइलमध्येच बांधून पाठवणे किंवा ‘चित्र म्हणून छापा’ हे सेटिंग निवडणे, हे त्यावरचे दोन उपाय. दुसऱ्या उपायात अक्षरे शाबूत राहतात, पण वर काढलेले ते लक्षावधी बाइट खरोखरच पाठवावे लागतात, आणि मग चार सेकंदांचे चाळीस सेकंद होतात. रांगेत मागे उभे असलेले लोक कुरकुरू लागतात ते याच वेळी.

छपाईचा प्रत्यक्ष भाग स्थिर विद्युतेचा आहे. कोरड्या केसांवर घासलेली फणी कागदाचे कपटे उचलते, हा प्रयोग तुम्ही केलेलाच आहे. चेस्टर कार्लसन या अमेरिकी संशोधकाने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासला, त्यावर अक्षरे लिहिलेल्या काचेतून प्रकाश पाडला, मग बारीक पूड भुरभुरली, आणि मेणकागदावर जगातली पहिली ‘झेरॉक्स’ उमटली. जिथे प्रकाश पडला तिथला विद्युत्भार निघून गेला, जिथे पडला नाही तिथला राहिला आणि त्याने पूड धरून ठेवली. झेरॉक्स कंपनीतल्या गॅरी स्टार्कवेदर यांनी पुढे काचेऐवजी लेझरचा किरण वापरला. त्या कंपनीचा ९७०० हा मोठा लेझर प्रिंटर १९७७ साली बाजारात आला.

विद्युत्भाराच्या या खेळाला आपल्याकडची हवा पुष्कळ सतावते. पावसाळ्यात कागद ओल धरतो. ओला कागद विजेला थोडी वाट देतो, त्यामुळे त्याला दिलेला भार टिकत नाही, पूड नीट उचलली जात नाही आणि छपाई फिकट येते. शिवाय पूड वितळवून चिकटवणारा रूळ दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला असतो. त्यातून जाताना ओलाव्याची वाफ होते आणि कागद पापडासारखा वळतो. अशा वेळी दुकानदार यंत्राला थापट मारतो. खरे म्हणजे त्याने कागदाचे बंडल बंद पिशवीत ठेवायला हवे आणि सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार बरोबर निवडायला हवा. ‘जाड कागद’ किंवा ‘पातळ कागद’ निवडले की प्रिंटर रुळाची उष्णता आणि कागदाचा वेग त्याप्रमाणे बदलतो. सेटिंग म्हणजे केवळ शोभेची यादी नव्हे, हे एवढ्यावरूनही ध्यानात येईल.

सुताचे रीळ

संगणक झटपट काम करतो आणि प्रिंटर सावकाश. कागद सरकवायचा, रूळ फिरवायचा, म्हणजे यंत्राचे हातपाय हलवायचे काम ते. ही अडचण पहिल्या मोठ्या संगणकांपासून आहे. आयबीएम कंपनीचा १९५९ सालचा १४०३ हा प्रिंटर मिनिटाला ६०० ओळी छापी. त्या काळी हा वेग थक्क करणारा होता, तरीही संगणक त्याच्या पुढेच असे. ओळ छापून होईपर्यंत लाखमोलाचे यंत्र हात जोडून बसणार, हे परवडण्यासारखे नव्हते. म्हणून छापायचा मजकूर आधी चुंबकीय फितीच्या रिळावर उतरवून ठेवायचा आणि प्रिंटरने तो फुरसतीने छापायचा, अशी युक्ती निघाली. इंग्रजीत रिळाला स्पूल म्हणतात. त्यावरून या पद्धतीला स्पूलिंग आणि ती सांभाळणाऱ्या आज्ञावलीला स्पूलर असे नाव पडले. आज फीत गेली आणि चकती आली, पण नाव तेच राहिले.

म्हणजे दुकानदाराने ‘प्रिंट’ म्हटले की तुमची फाइल थेट प्रिंटरकडे जात नाही. तिची एक प्रत, ठिपक्यांच्या किंवा आज्ञांच्या रूपात, संगणकाच्या चकतीवरील एका ठरावीक कप्प्यात लिहिली जाते. तिच्या सोबत एक छोटी चिठ्ठी असते: फाइलीचे नाव काय, कोणी पाठवली, किती प्रती हव्यात. मग नंबर लागला की ती छापली जाते. छापून झाल्यावर ती प्रत पुसली जाते.

पुसली जाते, असे मी म्हटले खरे. पण विंडोज प्रणालीच्या प्रिंटर-सेटिंगमध्ये एक चौकोन असतो. ‘छापलेले दस्तऐवज ठेवून द्या’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ त्याच्यापुढे असते. सहसा तो रिकामा असतो. कोणी त्यात बरोबरची खूण केली, की त्या दिवसापासून छापलेली प्रत्येक फाइल रांगेतच राहते आणि वाटेल तेव्हा पुन्हा छापता येते. रोज तोच फॉर्म शंभरदा छापणाऱ्याला ही सोय वाटते. पण त्या यंत्रावर दिवसभरात शंभर शेतकऱ्यांचे आधारपत्र छापले असेल, तर संध्याकाळी शंभरच्या शंभर प्रती आत बसून असतात. एक खूण, बस्स.

मोंढ्यावरच्या गाड्या

आता रांगेवर हुकूम कोणाचा, ते पाहू. परभणीच्या मोंढ्यावर सोयाबीन किंवा कापूस घेऊन आलेल्या गाड्यांची रांग डोळ्यांपुढे आणा. शेतकऱ्याला आपली गाडी रांगेत लावता येते आणि मन बदलले तर आपली गाडी बाहेरही काढता येते. दुसऱ्याच्या गाडीला मात्र त्याने हात लावायचा नाही. फाटकावरच्या माणसाला कोणतीही गाडी पुढेमागे करता येते, थांबवता येते. पण फाटक कधी उघडायचे, काटा कुठला वापरायचा, फाटकावर कोणाला नेमायचे, हे त्याला ठरवता येत नाही. ते बाजार समितीच्या कचेरीत ठरते.

प्रिंटरच्या व्यवस्थेतही नेमक्या अशाच तीन पायऱ्या आहेत. पहिली पायरी केवळ छापण्याची: तुम्ही आपली फाइल पाठवू शकता आणि आपलीच फाइल रद्द करू शकता. दुसरी पायरी दस्तऐवज सांभाळण्याची: असा माणूस कोणाचीही फाइल थांबवू, पुढे ढकलू किंवा काढून टाकू शकतो. तिसरी पायरी प्रिंटर सांभाळण्याची: ती ज्याच्याकडे आहे तो सेटिंग बदलतो, प्रिंटर इतरांना वापरायला देतो किंवा बंद करतो, आणि पहिल्या दोन पायऱ्यांवर कोण उभे राहील हे ठरवतो. मघाची ती खूण करणे किंवा काढणे हा तिसऱ्या पायरीचा अधिकार आहे.

व्यवस्था अशी चांगली असूनही ती बिघडते कुठे? एका दुकानात, एका शाळेत किंवा एका कचेरीत सगळेजण एकाच नावाने, एकाच पासवर्डने संगणकात शिरतात. बहुधा तो पासवर्ड पडद्याच्या कडेला चिठ्ठीवर चिकटवलेला असतो. मग तीन पायऱ्यांची एकच पायरी होते. शेतकरीच फाटकवाला आणि फाटकवालाच सेक्रेटरी! रांगेत काही बिनसले तर ते कोणी केले, हेही कळायला मार्ग राहत नाही, कारण नोंदवहीत सगळीकडे एकच नाव.

मोठ्या कचेऱ्यांत आणखी एक सोय असते. चार खोल्यांत मिळून एकच प्रिंटर असला की तुम्ही एका खोलीत बटण दाबता आणि कागद दुसऱ्या खोलीत येऊन पडतो. तुम्ही चालत जाईपर्यंत तो दहाजण वाचतात. यावर उपाय म्हणून फाइल रांगेत थांबवून ठेवायची. तुम्ही प्रिंटरपाशी जाऊन आपला चार आकडी अंक दाबला किंवा कार्ड टेकवले, म्हणजेच ती छापली जाते. ठरलेल्या तासांत कोणी आले नाही तर ती आपोआप पुसली जाते. सुरक्षितपणा वाढतो तो वाढतोच, पण छापून विसरलेल्या कागदांचा ढीगही कमी होतो. चार आकड्यांचे किती वेगवेगळे अंक होतील, ते तुम्ही काढा, आणि तीन चुकांनंतर यंत्राने कुलूप का लावावे, हेही मग तुमच्या लक्षात येईल.

प्रिंटरच्या पोटातल्या चकतीची गोष्टही सांगण्यासारखी आहे. मोठ्या झेरॉक्स यंत्रांत संगणकासारखीच चकती असते आणि छापलेल्या पानांच्या प्रतिमा तीवर राहू शकतात. २०१० साली अमेरिकेतल्या एका दूरचित्रवाणी कंपनीच्या बातमीदारांनी जुनी, विकायला काढलेली चार यंत्रे घेतली. त्यांच्या चकत्यांतून पोलिसांचे कागद निघाले आणि एका आरोग्यविमा कंपनीकडच्या रुग्णांची माहितीही निघाली. यंत्र भंगारात देण्यापूर्वी ‘चकती पुसा’ हे सेटिंग कोणी वापरले नव्हते. आपल्याकडेही सेकंडहँड यंत्रांचा बाजार मोठा आहे.

ढाक्याचा बिघडलेला प्रिंटर

प्रिंटरच्या बिघाडाकडे आपण हसण्यावारी पाहतो. कागद अडकला असेल, शाई संपली असेल! ढाक्यात बांगलादेश बँकेच्या मुख्य कचेरीतील लोकांनाही असेच वाटले. ही त्या देशाची मध्यवर्ती बँक, आपल्या रिझर्व्ह बँकेसारखी. जगभरच्या बँकांमधून पैसे हलवण्याचे जे संदेश येत-जात, ते तिथला एक प्रिंटर आपोआप छापी. ५ फेब्रुवारी २०१६, शुक्रवार. बांगलादेशात हा सुटीचा वार. कामावर आलेल्यांना दिसले की प्रिंटर चालत नाही, ताटलीत एकही कागद नाही. यंत्रेच ती, बिघडायचीच, असे म्हणून दुरुस्ती दुसऱ्या दिवसावर गेली.

चोर त्याआधीच संगणकात शिरलेले होते. त्यांनी बँकेच्या नावाने न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला पैसे पाठवण्याच्या ३५ सूचना धाडल्या. एकूण रक्कम ९५ कोटी १० लाख डॉलर. खात्री करून घेणारे उलट संदेश ढाक्यात छापले गेले असते तर चोरी त्याच दिवशी उघड झाली असती. म्हणून चोरांनी आपल्या आज्ञावलीने प्रिंटरकडे निघालेल्या फाइलीच वाटेत गाठल्या. दुसऱ्या दिवशी प्रिंटर सुरू झाला तेव्हा न्यूयॉर्कहून आलेल्या विचारणा बाहेर पडू लागल्या, पण तेव्हा न्यूयॉर्कची बँक शनिवारमुळे बंद होती. बहुतेक सूचना न्यूयॉर्कमध्येच अडल्या. श्रीलंकेकडे निघालेले २ कोटी डॉलर संस्थेच्या नावातील स्पेलिंगच्या चुकीमुळे पकडले गेले. ८ कोटी १० लाख डॉलर मात्र फिलिपाइन्समध्ये पोहोचले आणि त्यांतील बरेचसे तिथल्या जुगारघरांत विरून गेले.

स्पूलर ही जुनी, प्रत्येक संगणकात असलेली आणि मोठे अधिकार मिळालेली आज्ञावली असल्यामुळे घुसखोरांचा तिच्यावर नेहमीच डोळा असतो. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या विध्वंसक आज्ञावलीने पसरण्यासाठी वापरलेल्या वाटांत विंडोजच्या स्पूलरमधील एक फट होती. २०२१ साली त्याच स्पूलरमध्ये आणखी मोठी फट सापडली. तिला ‘प्रिंटनाइटमेअर’ असे नाव पडले आणि मायक्रोसॉफ्टला घाईने दुरुस्ती पाठवावी लागली. ज्या संगणकाला प्रिंटर जोडलेलाच नाही, त्यावरचा स्पूलर बंद ठेवा, असा सल्ला तेव्हा तज्ज्ञांनी दिला. त्याआधी २०१८ साली एका पठ्ठ्याने इंटरनेटवर उघडे पडलेले सुमारे ५० हजार प्रिंटर शोधून त्यांच्यावर एका यूट्यूबवाल्याची जाहिरात छापवली. त्याने कोणतेही कुलूप फोडले नव्हते. प्रिंटरचे ९१०० क्रमांकाचे दार बाहेरच्या जगाला उघडे होते आणि दारावर पासवर्डच नव्हता. नवीन प्रिंटर आणला की कारखान्यातला पासवर्ड त्याच दिवशी बदलावा, हे त्यासाठीच.

प्रश्नपत्रिका आणि सातबारा

आता तुमच्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे येऊ. मार्च २०१८ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाची बारावीची अर्थशास्त्राची प्रश्नपत्रिका फुटली आणि त्या विषयाची परीक्षा २५ एप्रिलला पुन्हा घ्यावी लागली. छापलेले गठ्ठे कितीही मोहोरबंद केले तरी परीक्षेच्या आधी काही दिवस ते कुठल्या तरी कपाटात असतातच. म्हणून त्याच वर्षी जुलैतील पुरवणी परीक्षेत मंडळाने दुसरी पद्धत अजमावली. प्रश्नपत्रिका कुलूपबंद फाइलीच्या रूपात केंद्रावर पाठवायची, किल्ली परीक्षेच्या थोडी आधी द्यायची, आणि तिथेच छापायची. प्रत्येक प्रतीवर त्या केंद्राची खूण पुसटपणे उमटवायची, म्हणजे कोणी फोटो काढून पाठवला तरी तो कुठून निघाला ते कळेल. या पद्धतीत सगळा भार येतो तो छापणाऱ्या खोलीवर. मुले चारशे, पाने आठ, म्हणजे ३,२०० पाने. मिनिटाला ४० पाने छापणाऱ्या यंत्राला ८० मिनिटे लागणार! किल्ली अर्धा तास आधी मिळाली तर किती यंत्रे हवीत, हे काढून पाहा. आणि त्या यंत्रांच्या रांगेत प्रश्नपत्रिका उरली नाही ना, हे पाहणाराही कोणी हवा.

सातबाऱ्याचे कोडे थोडे निराळे आहे. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून होणारा हा उतारा पूर्वी तलाठ्याच्या सही-शिक्क्याशिवाय चालत नसे. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. ही स्वाक्षरी पेनाची नव्हे. फाइलीतल्या सगळ्या मजकुरापासून गणिताने एक मोठी संख्या काढली जाते आणि ती गुप्त किल्लीने बांधून फाइलीला जोडली जाते. कोणी क्षेत्राच्या १.२० हेक्टरचे १.८० केले, तर मजकुरापासून निघणारी संख्या पार बदलते, स्वाक्षरी जुळत नाही आणि फसवणूक उघडी पडते.

पण हे सारे फाइलीत. ती कागदावर छापली की गणित मागे राहते आणि उरतात नुसते ठिपके. कागदावरचा २ चा ८ करणाऱ्याला कागद काही अडवत नाही. म्हणून उताऱ्यावर पडताळणी क्रमांक छापलेला असतो. तो महाभूमीच्या संकेतस्थळावर घातला की मूळ नोंद पडद्यावर येते आणि हातातला कागद तिच्याशी ताडून पाहता येतो. जमिनीचा व्यवहार करणाऱ्याने शिक्का पाहण्यापेक्षा हे करावे.

आधारच्या फाइलीलाही असेच कुलूप असते, पण त्याची किल्ली फारच सोपी आहे: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मसाल. दुकानात ती आपण मोठ्याने सांगतो आणि मागचे पाचजण ऐकतात. २०२२ च्या मे महिन्यात आधार प्राधिकरणाच्या बंगळूर कचेरीने लोकांना सावध केले होते, की आधारच्या प्रती वाटेल त्याला देऊ नका आणि सायबर कॅफेतल्या संगणकावर उतरवून घेतल्या तर पुसून टाका. गैरसमज होईल म्हणून दोनच दिवसांत ते पत्रक मागे घेण्यात आले, पण सूचना काही वावगी नव्हती. फक्त शेवटचे चार अंक दाखवणारे झाकलेले आधारपत्रही मिळते. जिथे चालत असेल तिथे तेच छापावे.

करून पाहा

शाळेच्या संगणक कक्षात, शिक्षकांची परवानगी घेऊन, एक प्रयोग करा. प्रिंटरची रांग दाखवणारी खिडकी उघडा आणि छपाई थांबवा. मग दोन विद्यार्थ्यांनी दोन वेगवेगळ्या संगणकांवरून एकेक फाइल पाठवा. खिडकीत काय काय दिसते ते वहीत लिहून घ्या: फाइलीचे नाव, पाठवणाऱ्याचे नाव, पाने, आकार, वेळ. फाइलीचे नाव ‘सहामाही गणित उत्तरे’ असेल तर न छापताही किती कळले? आता एकाने दुसऱ्याची फाइल रद्द करण्याचा प्रयत्न करावा. रद्द झाली, तर तुमच्या शाळेत तिन्ही पायऱ्या एक झालेल्या आहेत. शिक्षकांना सेटिंगमधली ती खूण पाहायला सांगा आणि मग छपाई पुन्हा सुरू करा.

दुसरा प्रयोग घरी. रंगीत लेझर प्रिंटरवर छापलेला कागद मिळवा. अंधाऱ्या खोलीत त्यावर निळ्या एलईडीचा प्रकाश पाडा आणि भिंगातून पांढरा भाग बारकाईने पाहा. कित्येक कंपन्यांची यंत्रे प्रत्येक पानावर अतिशय फिकट पिवळ्या ठिपक्यांची जाळी गुपचूप छापतात. २००५ साली अमेरिकेतल्या एका संस्थेने झेरॉक्सच्या एका यंत्राच्या ठिपक्यांची लिपी उलगडली. पंधरा रकाने आणि आठ ओळींच्या त्या जाळीत छपाईची तारीख, वेळ आणि यंत्राचा क्रमांक होता. पिवळा रंग निळा प्रकाश शोषतो, म्हणून निळ्या उजेडात ते ठिपके काळसर दिसतात. काळ्या-पांढऱ्या प्रिंटरच्या कागदावर मात्र ते सापडणार नाहीत, तेव्हा आजोबांच्या सातबाऱ्यावर शोधत बसू नका.